विष वर्ज्य

पहिला हुकूम असा आला की
आमच्या मालिकेत यापुढे कुणी विषाने मरणार नाही.
सुरी चालेल, जिना चालेल,
बंद गॅरेजात चालू ठेवलेली मोटार चालेल,
पण जेवणाच्या टेबलावरून सगळ्यांनी जिवंत उठायचं.
हॅल्डन कंपनी टोमॅटोचं सूप विकत होती.
पैसे तिचे. मरणही तिच्या पसंतीचं.

बरबँक, एकोणीसशे चौसष्ट.
दर गुरुवारी रात्री नवी गोष्ट, नवं कुटुंब, नवा खून.
जुने फक्त माझे हात.
खुनाआधी एकदा आणि प्रेत सापडल्यावर एकदा
डबा उघडायचा, सूप ओतायचं, वर पार्सलीची काडी ठेवायची.
नव्वद सेकंद.
मनगटाच्या वर मी नव्हतेच.

दुसरा हुकूम रंगाचा.
काळ्या-पांढऱ्या दिवसांत रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक.
लेस्टर तो बाटलीतून पिळायचा
आणि मेलेल्या माणसाशेजारी बसून बोटं चाटायचा.
रंग आला तसं चॉकलेट उघडं पडलं.
त्याने साखर उकळून तांबडं केलं,
तर न्यूयॉर्कहून तार: रक्त आमच्या सूपसारखं दिसतंय.
मग रक्त जांभळट झालं.
आणि दिव्यांच्या धगीत सूप फिकट दिसायचं म्हणून
नाकारलेल्या त्याच बाटलीतले चार थेंब
सूपमध्ये.
तेव्हा देशभर लोकांनी वाडग्यात पाहिलं ते रक्त होतं.
गालिच्यावर सांडलेलं
कशाचंच नव्हतं.

लोक म्हणत, हाताला चव आहे तुझ्या.
ते सूप मी कधी चाखलं नाही.

हात गृहिणीचे दिसायला हवेत,
म्हणून सामानवाला ग्रोव्हर दर वेळी अंगठी द्यायचा.
डबीवर नंबर, वहीत सही.
माझी स्वतःची मी मार्चमध्ये रीनोला काढली होती,
वकिलाच्या कचेरीबाहेर, साबण लावून.
नेब्रास्काला आईला कळवलं नव्हतं.
तिच्याकडे काळा-पांढरा सेट, त्यावर अँटेनाला गुंडाळलेला चांदीचा कागद.
खून कुणी केला याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं,
ती माझी वाट बघायची.
फोनवर म्हणायची, बोट भरलेलं दिसलं गं, बरं वाटलं.
मी म्हणायची, हो.

नोव्हेंबरातल्या एका गोष्टीत
बायको नवऱ्याच्या सूपमध्ये काहीतरी कालवते, असं होतं.
लेखक दोन दिवस भांडला, तिसऱ्या दिवशी जिना लिहून आणला.
ऐन वेळी नटीच्या नखाचा टवका उडाला.
दिग्दर्शक म्हणाला, ती सूपवाली कुठाय?

उभी राहिले.
सेटवरचा जिना पाच पायऱ्यांचा,
त्याच्या वर ना खोली ना छप्पर,
एक माणूस सँडविच खात दिवा धरून बसलेला.
समोर कुणाची तरी पाठ, राखाडी कोटातली.
एकदा ढकललं. दिग्दर्शक म्हणाला, हळू झालं.
दुसऱ्यांदा म्हणाला, वा.
पाठ खाली गादीवर पडून हसत होती.
माझे हात मात्र बराच वेळ तसेच पुढे राहिले,
जणू अजून काहीतरी ढकलायचं शिल्लक आहे.

त्या गुरुवारी फोन लवकर आला.
आई म्हणाली, ती बाई कोण होती मला माहीत नाही,
पण करंगळी मी ओळखली. वाकडी आहे, माझ्यासारखी.
मी गप्प.
ट्रंक कॉलचे पैसे पडत होते,
मागे तिच्या सेटवर माझाच दुसरा डबा उघडत असावा.
मग तिने विचारलं,
हवामान विचारावं तसं:
ऑरिन किती पायऱ्या पडला?

पाच, मी म्हटलं.
वर काहीच नव्हतं, आई.